‘कर्मिट’ आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

फ्रँक दा क्रूझ यांचा ‘कर्मिट : अ फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ हा ग्रंथ डिजिटल प्रेसने १९८७ साली प्रसिद्ध केला. ग्रंथालयात त्याची जागा यंत्रविषयक पुस्तिकांच्या फळीवर असते. ज्या यंत्रांसाठी तो लिहिला गेला त्यांपैकी बहुतेक आज चालत नाहीत; तेव्हा त्या फळीवरून तो केव्हा तरी काढून टाकला जाणार हेही उघड आहे. तसे होण्यापूर्वी भाषेच्या अभ्यासकाने त्याचे एकदा परीक्षण करावे असे मला वाटते. एकमेकांची लिपी न जाणणाऱ्या दोन यंत्रांमध्ये मजकूर एकीकडून दुसरीकडे कसा न्यावा हा या ग्रंथाचा विषय; आणि मजकूर म्हणजे नेमके काय, हे ठरविल्याशिवाय त्या प्रश्नाला हातच घालता येत नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. ग्रंथकर्त्याला त्याची जाणीव कितपत होती, तिची मर्यादा कोठे पडली, आणि ती मर्यादा मराठीच्या वाट्याला कशी आली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभी शब्दाचा एक खुलासा करणे अवश्य आहे. फाइल या शब्दाला शासनव्यवहारात नस्ती म्हणतात, परिभाषाकारांनी संचिका आणि धारिका हे दोन पर्याय सुचविलेले आहेत, आणि बोलणारा प्रत्येक मनुष्य फाइलच म्हणतो. प्रस्तुत लेखात बहुमताचा शब्द घेतला आहे.

‘कर्मिट’चा जन्म १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला. दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज हे त्याचे मुख्य कर्ते. नाव ‘द मपेट शो’मधील बेडूक-बाहुल्यावरून घेतलेले आहे, त्यामागे काही गूढ अर्थ शोधण्याचे कारण नाही. निमित्त अगदी व्यावहारिक होते. विद्यापीठाच्या डेकसिस्टम-२० या मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारी जागा फार तोकडी होती. सत्र संपले की त्यांच्या फाइली पुसाव्या लागत. सूक्ष्मसंगणकाच्या फ्लॉपीवर विद्यार्थ्याने आपले काम उतरवून घ्यावे आणि हवे तेव्हा परत चढवावे, एवढीच अपेक्षा होती. तार जोडलेली होती, दोन्ही टोकांची यंत्रे चालू होती. तरी फाइल जाईना.

ती का जाईना, हे समजून घेणे उद्बोधक आहे. डेकसिस्टम-२० हे छत्तीस बिटांचे यंत्र. त्याच्या एका शब्दात सात-सात बिटांची पाच अक्षरे बसत आणि एक बिट शिल्लक राही. सूक्ष्मसंगणक आठ बिटांचे. त्यांच्यावर चालणारी सीपी/एम ही प्रणाली फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच मोजत असे. मजकूर मध्येच संपला तर तो कोठे संपला हे सांगण्यासाठी एक विशेष खूण घालावी लागे. विद्यापीठात आयबीएमची मोठी यंत्रेही होती. त्यांची वर्णसंहिता एब्सिडिक ही निराळी, आणि त्यांच्या फाइलीत ओळ संपल्याची खूणच नसे. प्रत्येक ओळ ही एक स्वतंत्र नोंद असे. शिवाय ज्या तारेतून मजकूर जायचा ती तार मुळात टर्मिनलसाठी, म्हणजे कळा दाबणाऱ्या माणसासाठी होती. माणसाने दाबलेल्या काही कळा या आज्ञा असतात: थांब, चालू हो, ही ओळ रद्द कर. फाइलीच्या ओघात त्याच खुणा आल्या की यंत्र त्या पुढे न पाठविता स्वतःच पाळून मोकळे होई. काही तारांवर आठवा बिट समता तपासण्यात खर्ची पडे. तेव्हा आठ बिटांचा बाइट तेथून जसाच्या तसा जाणे अशक्यच.

या सर्व अडचणींवर ‘कर्मिट’ने काढलेला उपाय मी प्रथम वाचला तेव्हा मला पाणिनीच्या व्याकरणातील एका जुन्या वादाची आठवण झाली. सूत्रात आलेला शब्द आपले स्वतःचे रूप सांगतो की आपला अर्थ सांगतो, असा तो वाद आहे. व्यवहारात आपण हा भेद सहज करतो. ‘थांब असे तो म्हणाला’ हे वाक्य ऐकून कोणी थांबत नाही. ‘असे’ या शब्दाने त्या आज्ञेचे आज्ञापण काढून घेतलेले असते. शब्दाचा उपयोग आणि शब्दाचा उल्लेख यांतील हा भेद तारेला ठाऊक नव्हता. ‘कर्मिट’ने तो तिला शिकविला. आज्ञारूप चिन्ह फाइलीत आले तर ते तसे पाठवावयाचे नाही. त्याच्या क्रमांकात ठराविक फेरफार करून त्याचे साध्या अक्षरात रूपांतर करावयाचे आणि त्यापूर्वी जाळीचे चिन्ह (#) लावावयाचे. पहिल्या क्रमांकाचे नियंत्रक चिन्ह असे रोमन वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर बनून, जाळी पुढे करून, निमूटपणे जाते. पलीकडे पोचल्यावर त्याचे मूळ रूप त्याला परत मिळते. मजकुरात जाळीचेच चिन्ह आले तर? ते दोनदा लिहावे. आठव्या बिटाची सोय अशाच दुसऱ्या उपसर्गाने (&) केली आहे.

उरलेली रचनाही याच विचाराची आहे. मजकूर लहान लहान पाकिटांत भरला जातो. प्रत्येक पाकिटावर प्रारंभखूण, लांबी, अनुक्रमांक, प्रकार आणि शेवटी पडताळ्याचे चिन्ह असते. लांबी व अनुक्रमांक हे आकडेसुद्धा ३२ मिळवून छापण्याजोग्या अक्षरांतच लिहिले जातात, आणि म्हणून मूळ रचनेत पाकिटाची लांबी ९४च्या पुढे सांगता येत नाही. पाकीट पोचल्याची पोच आल्याशिवाय दुसरे निघत नाही. हे सारे संथ आहे, आणि गतीच्या भक्तांनी ‘कर्मिट’ला त्यासाठी पुष्कळ नावेही ठेवली. वॉर्ड ख्रिस्टन्सन यांचा १९७७चा एक्समोडेम हा प्रोटोकॉल त्याहून सुटसुटीत होता. १२८ बाइट उचलावे आणि पाठवावे. परंतु एक्समोडेमला आठही बिटांना मुक्तद्वार देणारी तार लागे, आणि दोन्ही टोकांना फाइल म्हणजे सारखीच वस्तू आहे असे तो गृहीत धरी. समान यंत्रांच्या बिरादरीत हे गृहीत चालून जाई. ‘कर्मिट’चे कर्ते अशा ठिकाणी होते की जेथे कोणतीही दोन यंत्रे समान नव्हती. त्यांच्या कामाचे महत्त्व मला याच परिस्थितीत दिसते: समानतेचा आधार नसल्यामुळे त्यांना विचार करावा लागला.

त्या विचाराचे सार ग्रंथातील एका भेदात आहे. ‘कर्मिट’ने फाइलींचे दोन वर्ग केले. एका वर्गातील फाइली बाइटागणिक तशाच गेल्या पाहिजेत; चालणारा कार्यक्रम हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या वर्गातील फाइली मजकुराच्या. मजकुराची फाइल तशीच गेली तर ती पोचलीच नाही. आयबीएमच्या यंत्रातील पत्र बाइटागणिक डेकसिस्टमवर उतरविले तर ते निव्वळ कचरा आहे, कारण रोमन वर्णमालेतील पहिल्या मोठ्या अक्षराचा क्रमांक एकीकडे १९३ आणि दुसरीकडे ६५ आहे. म्हणून मजकूर पाठविणाऱ्या यंत्राने आपल्या स्थानिक रूपातून तो एका ठराविक मध्यस्थ रूपात आणावा आणि घेणाऱ्याने त्या मध्यस्थ रूपातून आपल्या स्थानिक रूपात न्यावा, असा नियम केला. हे मध्यस्थ रूप म्हणजे आस्की संहितेतील अक्षरे आणि ओळीच्या शेवटी ठरलेली दोन चिन्हे. कोणत्याही यंत्राला दुसऱ्याची भाषा जाणण्याची गरज उरली नाही. दहा प्रकारच्या यंत्रांना परस्परांशी थेट बोलावयाचे तर नव्वद दुभाषी लागतील; मध्यस्थ रूप मानले की वीस पुरतात.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या त्यांच्यापुढे होत्या. त्यांची तुलना करावयाची तर प्रथम सर्वांचे पाठ एका लिपीत मांडणे भाग होते. लिपी बदलली तरी पाठ तोच राहतो, हे गृहीत धरूनच ते काम चालले. आणि ते गृहीत कोठे फसते याचे भान राखणे हेही त्याच कामाचा भाग होते. एका लिपीत दोन अक्षरे सारखी दिसतात, दुसरीत दिसत नाहीत. लेखकाची चूक कोणत्या लिपीतून उतरवताना झाली असेल, हे त्यावरून कळते. ‘कर्मिट’च्या ग्रंथात ही दुसरी बाजू फार थोडी आली आहे, असे माझे मत आहे.

एब्सिडिकचाच दाखला घेऊ. ही संहिता आयबीएमच्या ३६० मालिकेबरोबर १९६४ साली आली. तिच्यात रोमन अक्षरे सलग नाहीत. पहिली नऊ एका ओळीत, मग सात घरे सोडून पुढची नऊ, पुन्हा आठ घरे सोडून उरलेली आठ. क्रमही उलटा: तिच्यात लहान अक्षरे आधी, मोठी नंतर, अंक शेवटी; आस्कीत अंक आधी, मोठी अक्षरे नंतर, लहान शेवटी. शब्दांची यादी एका यंत्रावर क्रमाने लावून दुसरीकडे पाठविली तर एकही अक्षर न चुकता ती यादी विस्कळीत ठरते. अक्षरे गेली, क्रम राहिला. याहून गंभीर गोष्ट अशी की, काही चिन्हांना प्रतिरूपच नाही. सेंट या नाण्याचे चिन्ह एब्सिडिकमध्ये आहे, आस्कीत नाही. चौकोनी कंसांची एब्सिडिकमधील जागा तर यंत्रागणिक बदलते. अशा ठिकाणी रूपांतर करणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेतला की आपण प्रत करणारे उरत नाही, वाचणारे होतो.

मोडीतील कागद बालबोधीत उतरविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मोडीच्या रूढ लेखनात इकार व उकार यांचे ऱ्हस्वदीर्घ वेगळे केले जात नाहीत. बालबोधीत मात्र काही तरी एक लिहावेच लागते. मूळ कागद गप्प असतो आणि लिप्यंतरकार बोलतो. चांगला लिप्यंतरकार आपण कोठे बोललो याची नोंद ठेवतो. यंत्राच्या दुभाष्याने अशी नोंद ठेवावी, अशी अपेक्षा १९८७च्या या ग्रंथात मला आढळली नाही. तेथे रूपांतर ही सुरळीत, दोन्ही दिशांनी सारखी चालणारी क्रिया आहे. त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारापुरते ते खरेही होते. पुढे जेव्हा युरोपातील इतर भाषांच्या स्वरचिन्हांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा ‘कर्मिट’च्या कर्त्यांनी आपली भूमिका विस्तारली. दा क्रूझ आणि क्रिस्टीन जियानोन यांच्या १९९३च्या ‘युझिंग सी-कर्मिट’ या ग्रंथात फाइलीची वर्णसंहिता एक आणि प्रवासाची वर्णसंहिता दुसरी, असा भेद स्पष्टपणे केलेला आहे. प्रेषकाने आपला मजकूर कोणत्या संहितेत आहे हे सांगावे, ही त्याची अट. माझ्या मते या क्षेत्रातील ही फार मोलाची अट होय. कारण फाइल स्वतः ते सांगत नाही. बाइटांच्या ओळीवरून ती कोणत्या लिपीत लिहिली आहे याचा तर्क करता येतो, वाचन करता येत नाही.

कोलंबिया विद्यापीठाने २०११ साली ‘कर्मिट’ प्रकल्प बंद केला. कार्यक्रमाची संहिता तेव्हा सर्वांना खुली करण्यात आली. येथवर ग्रंथाची कथा संपते. त्याची अट मात्र आपल्याकडे कशी मोडली गेली, ते पाहिल्यावाचून हे परीक्षण अपुरे राहील.

भारतीय लिप्यांसाठी एक समान वर्णसंहिता १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की या नावाने निश्चित केली. तिचे तत्त्व निर्दोष होते: संहितेत वर्ण साठवावे, आकार साठवू नयेत. ‘वार्षिक’ या शब्दात र आधी उच्चारला जातो, म्हणून तो आधी साठवावा. त्याचा रफार षच्या डोक्यावर चढविणे हे लेखणीचे काम. परंतु छपाईसाठी घरोघरी आणि कचेरी-कचेरीत जे वापरले गेले ते फॉन्ट होते, आणि बहुतेक फॉन्टांची रीत उलटी होती. तेथे रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. ऱ्हस्व इकाराची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी लिहावयाची. रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. ‘वार्षिक’ मधील र अशा फाइलीत षच्याही पुढे जाऊन बसे. कृतिदेव या फॉन्टात तर ण हे अक्षरच दोन तुकड्यांचे आहे: अर्धा ण आणि पुढे उभा काना. तोच काना आकाराचीही खूण. म्हणजे ‘ण’मध्ये एक काना आणि ‘णा’मध्ये दोन, व त्यांतील कोणता अक्षराचा आणि कोणता स्वराचा हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे.

अशी फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर कितीही निर्दोषपणे न्या. ‘कर्मिट’ने न्या, फ्लॉपीने न्या, प्रत्येक बाइट पोचेल. पण दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. ते मराठी आहे हे सांगणारी एकही खूण फाइलीच्या साध्या मजकुरात नसते. ते ज्ञान फॉन्टात होते आणि फॉन्ट मागे राहिला. ‘कर्मिट’च्या वर्गीकरणात या फाइलींना जागा नाही. त्या मजकुराच्या म्हणाव्या तर त्यांच्यात अक्षरे नाहीत. नसाव्यात म्हणावे तर माणसाने त्या वाचण्यासाठीच लिहिल्या आहेत. मला त्या चित्रांच्या जवळ जाणाऱ्या वाटतात. त्यांना यूनिकोडमध्ये आणणे हे अक्षरांतर नसून चित्र पाहून पाठ लिहून काढणे आहे.

हे मी निव्वळ तर्काने लिहीत नाही. २००६ साली प्रबंधासाठी मी रत्नागिरी जिल्ह्यातील काही गावांत वृद्ध माणसांची कथने लिहून घेतली होती. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंत्य. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एक आणि जगण्याच्या आज्ञार्थी दुसरा. प्रचलित लेखनात हा भेद दाखवीत नाहीत. तो गावागावांत कसा पडतो हाच माझा विषय असल्यामुळे मी दंत्य उच्चाराखाली नुक्ता देत असे. वहीतली टिपणे पुढे एका फॉन्टात टंकित केली.

काही वर्षांनी ती यूनिकोडमध्ये आणली. रूपांतर बहुतांशी चांगले झाले. पण नुक्ते जागेवर नव्हते. टंकताना मी आधी अक्षर, मग काना, मग खालचा ठिपका असे लिहिले होते. यूनिकोडच्या नियमाने नुक्ता व्यंजनाला लागून, स्वरचिन्हाच्या आधी हवा. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, शोधताना दोन्ही निराळे. याद्या जुळेनात, मोजणी चुके. तेव्हा मी एक झटपट उपाय केला. सर्व अक्षरे त्यांच्या मूळ घटकांत विभागावीत आणि त्यातून नुक्ते वगळावेत. दंत्य-तालव्याच्या खुणा वह्यांवरून पुन्हा भरता येतील. शुद्ध केलेल्या फाइलींना मी मूळचीच नावे दिली, आणि त्या मूळ फाइलींवरच लिहिल्या गेल्या.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी शब्दसूची पाहत असता ‘दर्या’ या शब्दाच्या नोंदी अपेक्षेपेक्षा फार अधिक दिसल्या. त्यांत घाटपायथ्याच्या गावातील नोंदी होत्या. समुद्र कधी फारसा न पाहिलेला एक गुराखी सांगत होता की त्याची गुरे ‘दर्यांत’ चरतात. पुढच्याच ओळीत ‘दर्याखोर्यांत’ असे रूप आले, आणि घोटाळा ध्यानात आला. गुरे दऱ्यांत चरत होती.

मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद अर्थभेदक आहे. पहिल्यात र मागच्या अक्षराला चिकटून त्याला गुरू करतो, दुसऱ्यात तो पुढच्या यकाराबरोबर उच्चारला जातो आणि मागचे अक्षर लघूच राहते. लेखनात हा भेद रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा आडवा र यांनी दाखवितात. यूनिकोडमध्ये या आडव्या रकाराला स्वतःचे घर नाही. द्राविडी भाषांतील एका रकारासाठी देवनागरीत ठेवलेल्या ‘ऱ’ या अक्षराचे ते अर्धे रूप मानले आहे; आणि ‘ऱ’ची घटकविभागणी केली की र आणि नुक्ता असे दोन भाग मिळतात. मी नुक्ते वगळले तेव्हा दऱ्यांमधील रकाराखालचा, कोणाला न दिसणारा, तो नुक्ताही गेला. माझ्या हातून सगळ्या कोकणातील दऱ्या समुद्रात बुडाल्या, असे एका सहाध्यायाने म्हटले ते अगदी खोटे नव्हते.

येथे दोष कोणाचा, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. माझा तर आहेच. मूळ प्रत पुसणारा पाठचिकित्सक हा आपल्या व्यवसायाशीच द्रोह करतो. पण मराठी रकाराची ही सोय ज्या रीतीने लावली गेली तिच्यावरही टीका केली पाहिजे. दिसताना जे एक अखंड चिन्ह आहे आणि उच्चारात ज्याचा नुक्त्याशी काही संबंध नाही, त्याचे अस्तित्व एका ठिपक्यावर टांगलेले आहे. ‘ॲ’ या अक्षरालाही स्वतंत्र घर २००८ साली, यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर ते अ आणि वरचा चंद्र असे जोडून लिहिले जाई, आणि तसे लिहिलेले ‘ॲ’ आजही नव्याशी जुळत नाही. मराठी लेखनाच्या खुणा संहितेत उशिरा किंवा आडवाटेने येतात, आणि जुन्या फाइली नव्या यंत्रावर नेताना त्याच प्रथम गळतात. हिंदीच्या मजकुरावर माझा तो उपाय चालविला असता तर ठिपके गेले असते, पण एका शब्दाचा असा दुसराच शब्द क्वचितच झाला असता.

आपल्या विद्यापीठांतून आज जुने प्रबंध, कोशांची कच्ची टिपणे, लोककथांचे संग्रह यूनिकोडमध्ये आणण्याचे काम चालते, आणि काम झाल्यावर मूळ फाइलींची अडगळ दूर करण्याकडे कल असतो. मला हा कल अत्यंत धोक्याचा वाटतो. मूळ फाइल, ती ज्या फॉन्टात लिहिली तो फॉन्ट, आणि कोणत्या कार्यक्रमाने कोणत्या दिवशी रूपांतर केले त्याची नोंद, ही तिन्ही एकत्र ठेवली तरच पुढच्या अभ्यासकाला रूपांतरकाराचा निर्णय तपासता येईल. पोथी उतरविणारा लेखक शेवटी आपले नाव, गाव आणि तिथी लिहीत असे. ‘कर्मिट’ने प्रेषकाकडून संहितेचे नाव मागितले होते, तेवढे तरी आपण मागावे. शिवाय संदिग्ध ठिकाणी एकच पाठ मुकाट्याने न स्वीकारता पर्यायी पाठ तळटिपेत द्यावेत. यंत्राच्या कामात अशी तळटीप कोणी देत नाही, हे मला मान्य नाही. देण्याची सोय कोणी केलेली नाही, एवढेच खरे.

माझ्या फाइलींपैकी पुष्कळशा व्याकरणाच्या आधारे परत मिळाल्या. ‘दर्या’ पुल्लिंगी एकवचनी, ‘दऱ्या’ स्त्रीलिंगी अनेकवचनी. क्रियापद असले की निकाल लागतो. ‘दर्यात’ की ‘दऱ्यांत’, हे अनुस्वार सांगतो. दंत्य-तालव्याच्या खुणांचे तसे नाही. तेथे अंदाजाने ठिपके भरणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे. आणि वह्यांपैकी एक वही पावसात भिजून गेली आहे, तर फ्लॉप्यांवर बुरशी चढली आहे. त्या वहीतील एका गावाची कथने मी अभ्यासातून वगळली. त्यांतच एका म्हातारीने आपल्या माहेरच्या गावाचे केलेले वर्णन आहे. गाव खाडीच्या तोंडाशी, पाठीशी उभा कडा. वाक्यात क्रियापद नाही, विशेषण नाही: ‘मागे डोंगर, पुढे दर्या.’ खाडीकडे तोंड करून ती बोलत होती की कड्यावरून खाली पाहत, हे मला आता आठवत नाही. शब्दसूचीत त्या नोंदीपुढे मी दोन्ही पाठ दिले आहेत.